तलवार, गुर्ज, कुऱ्हाड, भाला : मध्ययुगीन हत्यारांच्या तुलनेच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

चाचणीसाठी पाच हत्यारे निवडली : एकहाती सरळ तलवार, पाकळ्यांचा गुर्ज (दांड्यावर जड डोके असलेली लोखंडी गदा), लढाईची कुऱ्हाड, जाड टोकाची कट्यार आणि दोन हातांनी धरायचा भाला. सगळ्या प्रतिकृती. समोर ठेवायचे थर तीन : टाके घालून घट्ट केलेला अनेक पदरी लिननचा अंगरखा, कड्यांचे चिलखत आणि पोलादी पत्रा. हे थर आधी सुटे आणि मग एकावर एक चढवून तपासायचे. धारदार काहीही माणसासमोर उगारायचे नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. समोर माणूस असेल तेव्हा फोमची हत्यारे, जाळीचे मुखवटे, गळ्याचे कवच आणि जाड हातमोजे.

पहिल्याच दिवशी एक तलवार बाद झाली. काट्यावर ती १.९ किलो भरली. संग्रहालयांतल्या एकहाती युरोपीय तलवारी बहुतेक १.१ ते १.४ किलोच्या आहेत. भिंतीवर टांगायला केलेल्या प्रतिकृती जाड पट्टीच्या असतात आणि पाते टोकाकडे पातळ होत जात नाही. अशी तलवार घेऊन चाचणी केली की 'तलवारी जड आणि मंद असत' हे मत सिद्ध झाल्यासारखे वाटते. हत्यार घेताना नक्षी पाहू नका. परजेपाशी (मुठीपुढच्या आडव्या दांडीपाशी) आणि टोकापाशी पात्याची जाडी मोजा.

८ नोव्हेंबर

एकूण वजन काटा सांगतो, पण फटक्यात त्यातले किती उतरते ते सांगत नाही. त्यासाठी मुठीच्या टोकाशी आडवी सळई देऊन हत्यार लंबकासारखे झुलवायचे. वीस झोक्यांचा (जाऊन-येऊन एक झोका) वेळ घेऊन वीसने भागायचे. झोक्याचा काळ, वजन आणि टेकूपासून गुरुत्वमध्याचे अंतर यांवरून जडत्व आघूर्ण, म्हणजे हत्यार फिरवायला किती जड आहे ते, निघते. त्याला टेकूपासून फटक्याच्या जागेपर्यंतच्या अंतराच्या वर्गाने भागले की त्या जागी किती वस्तुमान प्रत्यक्ष लागते ते कळते.

तलवार : १.२ किलो, गुरुत्वमध्य २७ सेंमीवर, झोका १.५० सेकंद. टेकूपासून ७५ सेंमीवर, म्हणजे जिथे वार करतात तिथे, सुमारे ३२० ग्रॅम.

गुर्ज : तोही १.२ किलो, गुरुत्वमध्य ४२ सेंमीवर, झोका १.३९ सेकंद. डोक्याच्या मध्यावर, ५२ सेंमीवर, जवळजवळ ९०० ग्रॅम.

काट्यावर सारखी असणारी ही दोन हत्यारे समोरच्याला मात्र तिपटीच्या फरकाने लागतात. याची दुसरी बाजू हातात घेतल्यावर लगेच जाणवते. तलवारीचा वार अर्ध्यात थांबवून दिशा बदलता येते. गुर्जाचा फटका हुकला की तो हाताला ओढत पुढे नेतो आणि तेवढा वेळ छाती उघडी पडते. पुढचे सगळे आकडे वाचताना ही बाब लक्षात ठेवावी, कारण खांबाला बांधलेले लक्ष्य उलटा वार करत नाही.

१५ नोव्हेंबर

थरांच्या मागे, शरीराच्या जागी, काय ठेवायचे? आधी १० टक्क्यांचे जिलेटिन ओतले. ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. बाहेर काढून थर चढवून बांधेपर्यंत कडा मऊ पडतात, आणि गुर्जाच्या पहिल्याच फटक्यात ठोकळा फाटला. धारदार टोक किती आत गेले हे पाहायला जिलेटिन चांगले, पण फटक्याचा दाब मोजायला निरुपयोगी. त्यात बराच वेळ गेला.

मग तेलमिश्रित माती घेतली. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या बुलेटप्रूफ जॅकेटच्या चाचणीत अशीच माती वापरतात. ती योग्य मऊ आहे की नाही हे ठरवायची त्यांची रीत सरळ आहे : ६३.५ मिमी व्यासाचा, १ किलोहून किंचित जड पोलादी गोळा २ मीटरवरून टाकायचा, खळगा १९ मिमीच्या आसपास यायला हवा. आमचा गोळा तंतोतंत त्या मापाचा नाही, म्हणून आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जोडू नयेत. एका फटक्याची दुसऱ्याशी तुलना करायला ते पुरतात. माती सकाळी कडक आणि दुपारी मऊ होते, त्यामुळे गोळा रोज कामाच्या आधी आणि शेवटी टाकायचा. दोन खळग्यांत फार फरक पडला तर त्या दिवसाचे आकडे बाद.

२२ नोव्हेंबर

कड्यांचे चिलखत आले. तलवारीचा पहिलाच वार कडी उघडून आत गेला, कुऱ्हाडीने तर हातभर भगदाड पाडले. क्षणभर आनंद झाला. मग कड्या जवळून पाहिल्या. तोंडाला तोंड भिडवून नुसत्या वाकवलेल्या होत्या, कुठेही रिव्हेट, म्हणजे टोके जोडणारी ठोकून चेपलेली खिळी, नाही.

मध्ययुगीन चिलखतात प्रत्येक कडीची टोके चेपून, एकावर एक ठेवून त्यांत बारीक रिव्हेट मारलेला असे. काही चिलखतांत एक ओळ रिव्हेटची आणि एक ओळ अखंड कड्यांची. एक कडी चार कड्यांत अडकते आणि जोर आजूबाजूला वाटला जातो. नुसती वाकवलेली कडी हा जोर घेतच नाही, आधी तोंड उघडते. कड्यांचे चिलखत सहज फाटते असे दाखवणाऱ्या चाचण्या पाहाल तेव्हा चित्र थांबवून कडीचे तोंड पाहा. या दिवसाचे सगळे आकडे खोडले.

६ डिसेंबर

रिव्हेट केलेला तुकडा मिळायला दोन आठवडे लागले. कडीचा बाहेरचा व्यास ९ मिमी. पूर्ण अंगरखा घ्यायची गरज नाही, उशीच्या आकाराचा तुकडा पुरतो. खराब झालेल्या कड्या काढून नव्या घालायला शिका, नाहीतर प्रत्येक वारानंतर तुकडा सरकवत बसावे लागते.

तुकडा सरळ मातीवर ठेवला. तलवारीचा वार : एकही कडी तुटली नाही. मातीत मात्र कड्यांच्या ठशांसह स्पष्ट चर उमटला. म्हणजे माणूस कापला गेला नसता, पण खालचे हाड शाबूत राहिले असते असे मी म्हणणार नाही. कुऱ्हाड : दोन-तीन रिव्हेट सुटले, चर अरुंद आणि खोल. गुर्ज : कड्यांना काहीच झाले नाही आणि खळगा सगळ्यांत मोठा.

मग खाली लिननचे पदर टाकले. चित्र इतके बदलले की आधी माती बिघडली असेल असे वाटून गोळा पुन्हा टाकून पाहिला. माती ठीक होती. तलवारीचा चर जवळजवळ नाहीसा झाला, कुऱ्हाडीचा अर्ध्याहून कमी राहिला. गुर्जाचा खळगा उथळ आणि पसरट झाला, पण राहिला. हत्यार बदलल्याने जेवढा फरक पडत होता त्याहून मोठा फरक चिलखताखालचे कापड बदलल्याने पडला. इथून पुढे कापडाला मी 'अस्तर' म्हणणे सोडले.

१३ डिसेंबर

आजचा दिवस फक्त कापडाचा. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या सैन्यासाठी कापडी अंगरख्याचा जो नियम होता त्यात ३०, निदान २५ पदर आणि वर हरणाचे कातडे सांगितले आहे. आम्ही १०, २० आणि ३० पदरांचे चौकोन शिवले. शिवण्याचे काम लोहाराच्या कामापेक्षा जड निघाले. वीस पदरांच्या पुढे साध्या यंत्राची सुई मोडते. टोच्याने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवले.

१० पदर तलवारीने कापले, पण सगळे नाहीत. २० पदरांवर वरचे काही कापले गेले. ३० वर नुसती खरवड. इथे धार हाच कळीचा मुद्दा. आदल्या आठवड्यात कड्यांवर वार केल्याने पात्यावर दाते पडले होते, आणि त्याच पात्याने आधी घेतलेला कापडाचा आकडा अंगरख्याला फुकटचे श्रेय देत होता. पात्याला पुन्हा धार लावून सगळे वार नव्याने घेतले. म्हणून क्रम असा ठेवा : आधी कापड, मग कड्या, शेवटी पत्रा. आणि दर काही वारांनंतर धार लावा.

कापड ताणून बांधले तर जास्त कापले जाते, सैल लटकवले तर पात्यापुढे सरकून वाचते. अंगावरचा अंगरखा या दोन्हींच्या मधला असतो. आम्ही खांद्यासारखी गोल लाकडी चौकट करून त्यावर चढवला.

२० डिसेंबर

टोकाच्या माराची चाचणी वेगळी केली. हाताने भोसकताना जोर दर वेळी बदलतो, म्हणून उभ्या नळीतून वजन टाकायचा सांगाडा केला. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्याच सुरीरोधक जॅकेटच्या मानकात २४, ३३ आणि ४३ ज्यूल (ऊर्जेचे एकक) असे तीन टप्पे आहेत. एका माणसाच्या हाताच्या भोसकण्याचा अंदाज म्हणून तेच घेतले. टोकासकट एकूण २ किलो वजन असेल तर उंची येते १.२२, १.६८ आणि २.१९ मीटर. भाला दोन हातांनी आणि अंगाच्या भाराने चालतो, त्याला हे आकडे कमीच पडतात, हे मान्य करूनच पुढे गेलो.

तलवारीचे रुंद, गोलसर टोक कड्यांवर अडकून थांबले. भाल्याचे निमुळते फाळ पहिल्या कडीत शिरले आणि तिचा रिव्हेट सुटेपर्यंत आत सरकले. कट्यारीने मात्र अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. तिच्या टोकाशी पाते मुद्दाम जाड ठेवलेले असते. तेच तत्त्व पेशकब्ज या इराणी-भारतीय खंजिरात दिसते, जिथे पाठीची जाड कणा-पट्टी टोकापर्यंत जाते. युरोपातल्या गोल परजेच्या रॉन्डेल खंजिराचे पातेही असेच ताठ आणि निमुळते. टोक वाकत नाही, म्हणून सगळा जोर एका कडीवर जातो. ४३ ज्यूलला कडी फुटली आणि टोक खालच्या कापडात शिरले. कापड ३० पदरांचे होते तेव्हा मातीपर्यंत जेमतेम पोचले.

नळीत वजन घासत होते हे उशिरा लक्षात आले. बाजूने चित्रण करून शेवटच्या २० सेंमीतला वेग मोजला तेव्हा गणिताने येणाऱ्या वेगापेक्षा तो बराच कमी निघाला. नळीला आतून मेण लावले आणि हवा निघायला भोके पाडली. भोकांनीच जास्त फरक पडला.

३ जानेवारी

पत्रा. सपाट तुकड्यावर केलेली चाचणी टाकून दिली. सपाट पत्र्यावर फटका सरळ बसतो, कुऱ्हाडही त्यात रुतते आणि हत्याराचे कौतुक होते. छातीवरचे कवच फुगीर असते आणि त्यातच त्याची निम्मी ताकद आहे. १.५ मिमीचा पत्रा लाकडी साच्यावर ठोकून फुगवला. आता तलवारीचा वार घसरतो, नुसती रेघ उरते. कुऱ्हाड दहातून बहुतेक वेळा घसरते. गुर्जाच्या पाकळीला मात्र पकड मिळते, पोचा पडतो, आणि पोचा आतल्या बाजूला येऊन कापडावर दाबतो.

पोलादी चिलखताविरुद्ध तलवारवाल्यांनी काय केले ते पंधराव्या शतकातल्या जर्मन आणि इटालियन तलवारबाजीच्या हस्तलिखितांत चित्रांसह आहे. डावा हात पात्यावर धरून टोक काखेत किंवा मुखवट्याच्या फटीत घालणे, किंवा तलवार उलटी धरून परज आणि मुठीचा गोळा गुर्जासारखा हाणणे. उलट्या पकडीचा फटका हत्यार टेकूवर झुलवणाऱ्या आमच्या लंबकावरही बसवला. परज पुढे आल्याने वार करणाऱ्या टोकाशी वस्तुमान वाढते आणि पोचा खरोखर पडतो. जाड चामडी हातमोज्यांनी पाते घट्ट, न सरकू देता धरायचे. हे प्रकरण धार घालवून बोथट केलेल्या पात्यावरच करा.

१० जानेवारी

लक्ष्य कुठे ठेवायचे यावर वाद झाला. छातीच का? हाडांकडे पाहून ठरवले. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या, १३६१ च्या व्हिस्बीच्या लढाईतल्या मृतांच्या सामूहिक कबरींमध्ये पायांच्या नळ्यांवर वार झालेल्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि काही कवट्या कड्यांच्या शिरोवस्त्रासकट पुरलेल्या सापडल्या. इंग्लंडमधल्या १४६१ च्या टाउटनच्या लढाईची कबर १९९६ मध्ये सापडली, तिथे घाव मुख्यतः डोक्यावर. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडला. २०१२ मध्ये लेस्टरला सापडलेल्या त्याच्या सांगाड्यावर मृत्यूच्या सुमाराचे ११ घाव मोजले गेले, त्यांतले ९ कवटीवर. ढालीने धड झाकले की उरतात डोके आणि गुडघ्याखालचा पाय. छातीच्या आकड्यांवर हत्यारांची क्रमवारी लावणारा माणूस लढाईतली सोपी जागा सोडून अवघड जागा मोजत बसतो.

१७ जानेवारी

म्हणून डोके. खांबावर पक्के बसवलेले शिरस्त्राण गुर्जाने हवे तसे चेपले, पण मान अशी पक्की नसते. स्प्रिंगवर बसवलेले लाकडी डोके केले. त्यात फोन बांधून धक्का मोजायचा प्रयत्न वाया गेला. फोनमधला संवेदक ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजतो, त्यापुढे आलेख सपाट छाटला जातो आणि छाटलेला आलेख दिसायला फार नीटनेटका असतो, तिथेच फसगत. त्याऐवजी एडीएक्सएल३७५ ही ±२०० जीपर्यंत (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) धक्का मोजणारी संवेदक चिप वापरली. उघड्या पोलादावर गुर्ज बसला की तीही भरून जाते. आत कापडी टोपी घातल्यावर आकडे मर्यादेत आले.

स्प्रिंगवरचे डोके फटक्यासोबत मागे जाते, पोचा कमी पडतो, धक्का मात्र आत पोचतो. तलवारीच्या ३२० ग्रॅमचा आणि गुर्जाच्या ९०० ग्रॅमचा फरक इथे सगळ्यांत स्वच्छ दिसला. टोपीची जाडी दुप्पट केली तेव्हा गुर्जाचा धक्का उघड्या डोक्यावरच्या तलवारीच्या सपाट फटक्याइतका खाली आला. पुन्हा कापडच.

गुर्जाचे डोके दांड्यावर सैल झाल्याचे आज वेळीच दिसले. दर दहा फटक्यांनी हलवून पाहा. सुटून उडालेले डोके हे या सगळ्या कामातले सर्वांत धोक्याचे हत्यार आहे.

२४ जानेवारी

माणसांसमोर माणसे, फोमची हत्यारे. भाला २ मीटरचा, तलवार ९५ सेंमीची. मोकळ्या जागेत एकाशी एक लढताना भाल्याने बहुतेक फेऱ्या घेतल्या, भाला हातात पहिल्यांदाच धरलेल्यानेही. तलवारवाल्याला टोक बाजूला सारून आत शिरायचे असते आणि भालेवाला तेवढ्यात हात मागे ओढून पुन्हा टोक समोर आणतो. तलवारीला ढाल दिल्यावर पारडे बरेच हलले. ढालीने टोक अडवले आणि पुढचे पाऊल मिळाले. अरुंद जागेत भाला आडवा करता येईना, तिथे कट्यारवालाही वरचढ ठरला.

फोमच्या लढाईत एक खोट आहे. फोमचा गुर्ज फोमच्या तलवारीसारखाच लागतो, त्यामुळे गुर्जवाला नेहमी हरतो. ३० पदरी अंगरखा घातलेल्यावर तलवारीचा वार मोजायचाच नाही, गुर्जाचा आणि टोकाचा मोजायचा, असा नियम लावला. लगेच तलवारवाले वार सोडून टोक वापरू लागले, कोणी न सांगता.

३१ जानेवारी

लंबकाच्या सांगाड्याची आडवी तुळई टेकूपाशी तडकली. गुर्जाच्या सलग फटक्यांनी नव्हे. उलट्या तलवारीच्या वेळी लंबक बाजूला झुकत होता, त्याने. नवी तुळई जाड घेतली आहे आणि टेकूला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या.

लांब दांड्याचे परशू आणि हॅल्बर्ड (कुऱ्हाडीचे पाते आणि भाल्याचे टोक एकाच दांड्यावर असलेले हत्यार) या उंचीच्या सांगाड्यात मावत नाहीत. रिचर्डच्या कवटीच्या तळाचा मोठा घाव अशाच पात्याच्या हत्याराचा असावा असे अभ्यासकांचे म्हणणे आहे, तेव्हा ते सोडून चालणार नाही. त्यासाठी टेकू ३ मीटरवर न्यावा लागेल आणि खालची चौकट जमिनीत गाडावी लागेल. ३० पदरांचे चौकोन संपले आहेत. आधी तेच शिवायला बसतो.